एस्टरमध्ये (आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून बनणाऱ्या संयुगात) दोन ऑक्सिजन असूनही त्याचा उत्कलनांक तेवढ्याच रेणुभाराच्या अल्कोहोलपेक्षा कमी का?

कारण उत्कलनांक वाढवतो तो हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनची दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनशी होणारी ओढ; आणि ऑक्सिजन मोजून तो ठरत नाही. बंधासाठी दिला जाणारा हायड्रोजन त्याच्या स्वतःच्या रेणूत थेट ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला चिकटलेला हवा. बारावीला हमखास चूक होते ती इथेच.

रावेर-सावद्याकडे पिकत्या केळीच्या खोलीत शिरल्याबरोबर जो वास येतो, त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल ॲसिटेट हा एस्टर. रेणुभार 130, उत्कलनांक सुमारे 142 अंश. आता 1-ऑक्टेनॉल घ्या: रेणुभार तोच 130, ऑक्सिजन एकच, तरी उकळतो 195 अंशांना! एस्टरचे सगळे हायड्रोजन कार्बनवर आहेत, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवत नाहीत. म्हणून तो भराभर उडतो, वास दूरवर जातो.

पाण्याशी मात्र एस्टर बंध करतो, कारण तिथे हायड्रोजन पाणी देतं. म्हणूनच इथाइल ॲसिटेट 100 मिलि पाण्यात सुमारे 8 ग्रॅम विरघळतं. एस्टरमधली कार्बनची साखळी लांबली की तेही घटतं.

अमाइनचंही (नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय संयुगांचंही) असंच: प्रोपिलअमाइन 48 अंशांना उकळतं, ट्रायमिथाइलअमाइन 3 अंशांनाच. रेणुसूत्र दोघांचं एकच, पण दुसऱ्यात नायट्रोजनवर हायड्रोजन उरलेलाच नाही.