अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर देशातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांना परत घेताना कोणत्या अटी होत्या? त्या फार कडक होत्या का?

कडक होत्या असं मला वाटत नाही. सुरुवात तर फारच सौम्य होती. युद्ध चालू असतानाच, डिसेंबर १८६३ मध्ये, लिंकनने सांगितलं होतं की १८६०च्या मतदानाच्या दहा टक्के इतक्या मतदारांनी एकनिष्ठेची शपथ घेतली तरी राज्याला नवं सरकार बनवता येईल. त्याच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने तर माफीच वाटत सुटल्यासारखं केलं. मग दक्षिणेत काय झालं? नुकत्याच सुटलेल्या गुलामांना पुन्हा मळ्यांशी जखडणारे 'ब्लॅक कोड' नावाचे कायदे आले, आणि जॉर्जियाने बंडखोर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यालाच सिनेटवर निवडून दिलं! काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या राज्यांच्या प्रतिनिधींना सभागृहात बसू दिलं नाही, ते योग्यच केलं.

खऱ्या अटी त्यानंतरच्या. चौदावी घटनादुरुस्ती, म्हणजे सुटलेल्या गुलामांनाही नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी, मान्य करून टेनेसी जुलै १८६६ मध्येच परत आलं. उरलेल्या दहा राज्यांवर मार्च १८६७ मध्ये लष्करी अंमल बसला. नवी राज्यघटना करा, कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार द्या, चौदावी दुरुस्ती मंजूर करा, मग या. पराभूत बंडखोरांकडून एवढं मागणं मला तरी जास्त वाटत नाही.

जॉर्जियाचं उदाहरण मुद्दाम सांगतो. १८६८ च्या उन्हाळ्यात अटी पुऱ्या केल्या म्हणून त्याला परत घेतलं. सप्टेंबरात तिथल्या विधिमंडळाने निवडून आलेल्या कृष्णवर्णीय सदस्यांना हाकलून दिलं. युक्तिवाद असा की घटनेने त्यांना मत देण्याचा हक्क दिलाय, पद भूषवण्याचा नाही. काँग्रेसने मात्र तेव्हा माघार घेतली नाही. पुन्हा लष्कर आलं, हाकललेले सदस्य परत बसले, वंशावरून मताधिकार नाकारायला मनाई करणारी पंधरावी दुरुस्तीही मान्य करावी लागली, आणि जुलै १८७० मध्ये जॉर्जिया शेवटचं राज्य म्हणून आत आलं. मागे उभं राहणारं कोणी असेल तर अट किती कामाची असते, हे इथे दिसतं.

मिसिसिपीला फेब्रुवारी १८७० मध्ये परत घेताना कायद्यातच लिहिलं होतं की मताधिकार काढून घेण्यासाठी राज्यघटना कधीही बदलायची नाही. १८७७ नंतर दक्षिणेतल्या राजकारणातून केंद्राचं सैन्य बाजूला झालं. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना केली. तिच्यात मतदानासाठी डोईपट्टी होती आणि घटनेचं कलम वाचून किंवा समजावून दाखवण्याची परीक्षा होती. कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ सगळे यादीतून गेले. ती अट कायद्यात तशीच होती, पण त्या वेळी वॉशिंग्टनहून कोणी आलं नाही.