पटावरचा चौकोन : घर की खाना?

प्रश्न असा आला की बुद्धिबळाच्या पटावरच्या चौकोनाला मराठीत 'घर' म्हणायचं की 'खाना', आणि रँक-फाइलला, म्हणजे पटावरच्या आडव्या-उभ्या रांगांना, धड शब्द आहेत का.

डोळे मिटून घर म्हणा. घोडा अडीच घरं जातो हे खेळता न येणाऱ्यालाही माहीत असतं, अडीच चौकोन कोणी म्हणत नाही. गंमत म्हणजे 'खाना' हाही फारसीत घरच, आपल्या दवाखान्यातला तोच, त्यामुळे हिंदीवाले खाना म्हणतात तेव्हा तेही घरच म्हणत असतात. फ्रेंच 'काझ' लॅटिनमधल्या झोपडीवरून आलाय, स्पॅनिश 'कासिया' म्हणजे तर सरळ छोटं घर. जर्मन आणि रशियन लोक मात्र शेत म्हणतात, ते एक वेगळंच.

'पट' म्हणजे मुळात कापड. लाकडी बोर्डाला पट म्हणणं तसं विचित्रच, पण आता टूर्नामेंटमध्ये गुंडाळून आणायच्या शीटवर खेळतात त्यामुळे शब्द पुन्हा फिट बसला म्हणायचा.

रँक-फाइलचं जरा अवघड आहे. मी फाइलला उभी पट्टी, रँकला आडवी ओळ असं म्हणतो, समोरच्याला लगेच कळतं. पण 'हत्तीला ओपन फाइल (प्यादी नसलेली उभी पट्टी) मिळाली' असं खेळणारे सर्रास बोलतात आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही, 'खुली स्तंभिका' वगैरे कोणी केलंच तर ते पुस्तकातच राहील. तिरक्या रेषेला कर्ण छान आहे, भूमितीतला कर्ण दोन कोपरे जोडतो आणि पटावरचा छोटाही असू शकतो, पण एवढं चालतं. कर्णावरूनच चालणारा उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांत फिरतो, म्हणजे ६४ पैकी ३२ घरं त्याला कायमची बंद.

आणि पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं, म्हणजे ए१ काळं (पांढऱ्याच्या बाजूने बघता उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, म्हणून ए१ हे त्याच्या डाव्या कोपऱ्यातलं घर). जाहिरातीतल्या फोटोत हे हमखास चुकलेलं दिसतं. मग वजीर आपल्या रंगाच्या घरात, पांढरा डी१ वर आणि काळा डी८ वर. घरं पांढरी-काळीच म्हणायची बरं का, प्रत्यक्षात पिवळी-हिरवी असली तरी.