एका सातबाऱ्यावर किती बोजे? : ब्लॉकचेनच्या सामायिक सुरक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या एटापल्ली भागातील जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर (म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीवर) नोंदवण्याचा उपक्रम 2022 साली जाहीर झाला, तेव्हापासून मी या विषयावर वाचत आहे. पोल्काडॉट, कॉसमॉस आणि आयगनलेअर या ब्लॉकचेनच्या तिन्ही व्यवस्थांमध्ये नव्या नेटवर्कला ‘सामायिक सुरक्षा’ मिळते असे सांगतात. एखाद्या नेटवर्कने यांतील दोन पद्धती एकत्र घेतल्या, तर त्याची सुरक्षा दुप्पट होते का?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, जि. गडचिरोली

उत्तर : दुप्पट होईलच असे नाही; जोडणी चुकली तर ती दोहोंपैकी कमकुवत पद्धतीइतकीच उरते. इथे सुरक्षा म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. इथेरियम हे एक मोठे ब्लॉकचेन नेटवर्क आहे. सप्टेंबर 2022 पासून त्यावरील व्यवहार तपासण्याचे काम व्हॅलिडेटर म्हणजे तपासनीस करतात आणि त्यासाठी प्रत्येकाला किमान 32 इथर (इथेरियमचे चलन) अनामत ठेवावे लागतात. नोंदवहीतील एकाच जागेसाठी परस्परविरोधी अशा दोन नोंदींवर सही केल्याचे उघड झाले, की त्या अनामतीचा काही भाग जप्त होतो. लबाडी करणाऱ्याचे किती नुकसान होईल, यावर नेटवर्कची भक्कमता ठरते. नव्या, लहान नेटवर्ककडे एवढी अनामत नसते, म्हणून ते मोठ्या नेटवर्कचा आधार घेते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तूर शेंगांवर आली, की रानडुकरे आणि रोही यांच्यामुळे रात्रभर जागल करावी लागते. दोन-तीन एकरवाल्याला स्वतंत्र जागल्या परवडत नाही, म्हणून धुऱ्याला धुरा लागून असलेले चार-पाच शेतकरी मिळून एकच माणूस ठेवतात. तो मचाणीवर बसतो. हाताशी टॉर्च आणि बडवायला तेलाचा रिकामा पिपा असतो. पोल्काडॉटची रचना बरीचशी अशीच आहे. मध्यवर्ती साखळीचे (साखळी म्हणजे एक ब्लॉकचेन) व्हॅलिडेटर तिला जोडलेल्या सर्व साखळ्यांची राखण करतात. मात्र कोणी कोणती साखळी तपासायची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते आणि वरचेवर बदलते, त्यामुळे जागल्याला आधीच फितवून ठेवणे अवघड जाते. कॉसमॉसमध्ये मुख्य साखळीच्या व्हॅलिडेटरांनी आपलीच अनामत पणाला लावून दुसरी साखळीही चालवण्याची सोय मार्च 2023 मध्ये सुरू झाली.

आयगनलेअरची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. इथेरियमसाठी आधीच अडकवलेले इथर तिथे दुसऱ्या सेवांसाठी पुन्हा तारण ठेवले जातात. एकाच सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असताना तोच उतारा घेऊन दुसऱ्या बँकेत, मग तिसरीकडे जावे, तसा हा प्रकार आहे. तिन्ही सावकारांना आपली रक्कम सुरक्षित वाटते, पण नापिकीच्या वर्षी तिघेही एकदम दारात आले तर शेत एकच असते. हा दोष जाणकारांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. एप्रिल 2025 मध्ये तिथे प्रत्यक्ष जप्तीची सोय सुरू झाली, तेव्हा अनामतीचा ठरावीक हिस्सा एकाच सेवेसाठी वेगळा काढून देण्याची तरतूदही आली. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते, कारण ‘आमच्यामागे इतके इथर आहेत’ या दाव्यातून नुसता आकडा कळतो. त्यांतले केवळ आपल्या वाट्याचे किती, हा खरा प्रश्न असतो.

आता दोन पद्धती जोडण्याविषयी. ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागतात. नेटवर्कनेही प्रत्येक नोंदीला दोन्ही व्हॅलिडेटर गटांची संमती आवश्यक ठेवली, तर खोटी नोंद घुसवायला दोन्ही गट फोडावे लागतील आणि त्या बाबतीत सुरक्षा निश्चित वाढेल. परंतु ग्रामसेवक रजेवर गेला की चेक पडून राहतो, त्याप्रमाणे एक गट बंद पडताच सारे नेटवर्क थांबेल. उलट दोहोंपैकी एकाचीच संमती पुरेशी मानली, तर चोर साहजिकच सोपे दार धरतो. मधला मार्ग काढता येतो, पण फुकट काहीच मिळत नाही.

याहून बिकट प्रश्न न्यायनिवाड्याचा आहे. गुन्हा एका साखळीवर घडला आणि अनामत दुसरीवर असेल, तर गुन्ह्याचा पुरावा तिथवर पोहोचवावा लागतो, आणि पोहोचवणारा दुवाच कच्चा असेल तर बाकीचे बळ वाया जाते. मार्च 2022 मध्ये रोनिन या नेटवर्कच्या पुलावरून (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर रक्कम नेणाऱ्या दुव्यावरून) 60 कोटी डॉलरहून अधिक रकमेची चोरी झाली, ती पुलाच्या 9 पैकी 5 डिजिटल चाव्या चोरांच्या हाती लागल्यामुळे. पुलाच्या एका टोकाला इथेरियमसारखे भक्कम नेटवर्क होते, तरी त्याचा काही उपयोग झाला नाही. इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी 2023 साली बजावले, की बाहेरच्या सेवांचे तंटे सोडवण्यासाठी इथेरियमच्या मूळ सहमतीलाच (कोणती नोंद खरी यावरील व्हॅलिडेटरांच्या एकमतालाच) वेठीला धरू नये. जोडणी करू पाहणाऱ्यांनी ते मनावर घ्यावे असे मला वाटते.

प्रश्न : मग आमच्या दाखल्यांना इथेरियमची सुरक्षा आहे असे म्हणावे का?
— तोच वाचक

उत्तर : पूर्णपणे तसे म्हणता येणार नाही. पॉलिगॉनचे व्हॅलिडेटर स्वतंत्र आहेत. त्यांची अनामत इथेरियमवरील करारात (आपोआप अंमल होणाऱ्या प्रोग्राममध्ये) असते आणि नोंदींचा गोषवारा ठरावीक अंतराने इथेरियमवर टाकला जातो. ही उसनवारी अंशतः आहे, तरी दाखल्यासारख्या कामाला ती पुरावी. मला अधिक काळजी वाटते ती नोंद करणाऱ्या टेबलाची. आडनावातली एक वेलांटी तिथे चुकली, तर सारे व्हॅलिडेटर मिळून ती चूकच इमानाने राखत बसतील. दाखल्यावर क्यूआर कोड असेल, तर तो हाती पडताच स्कॅन करावा आणि पडद्यावर येणारे नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.