९ वर्षांच्या मुलीची किडलेली पक्की दाढ काढली तर शेजारचे दात सरकतील का?

सरकतील. आणि या वयात दाढ काढायची तर आम्हा दंतवैद्यांना नेमकं तेच हवं असतं.

तुम्ही लिहिलंय की मुलीची खालची डावी दाढ पार पोखरलीय, आणि 'दुधाचीच असेल, पडेल' म्हणून तुम्ही थांबलात. असे पालक मला नेहमी भेटतात. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येते, एकही दात न पडता. मग ती पक्की आहे हे घरात कळणार कसं?

तिच्या मागची दुसरी पक्की दाढ अजून जबड्यात आहे, ती साधारण बाराव्या वर्षी उगवते. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला की त्या दाढेची मुळं जिथे फुटतात त्या बेचक्यात बारीक पांढरी चंद्रकोर दिसायला लागते, बहुधा ८ ते १० वर्षांच्या दरम्यान. खालची किडकी दाढ काढायची ती तेव्हा. मागची दाढ वर येता येताच पुढे सरकते आणि बऱ्याचदा रिकामी जागा भरून टाकते. फार लवकर काढली तर पुढची उपदाढ (दाढेच्या पुढची छोटी पक्की दाढ) मागे घसरू शकते. मागची उगवून गेल्यावर काढली, तर ती पुढे कलंडते, मध्ये फट राहते आणि तिथे घास अडकत बसतो. वरच्या जबड्यात मात्र थोडा उशीर झाला तरी जागा सहसा भरते.

समोरची वरची दाढ आधार गेल्यामुळे खाली उतरू शकते आणि मागून येणाऱ्या दाढेची वाट अडवते. म्हणून काही वेळा तीही काढतात. धडधाकट दाढ सरसकट काढणं मला पटत नाही. दात कसे मिटतात ते बघूनच ठरवावं. उजवी चांगली दाढ केवळ जोडी जुळावी म्हणून काढायची गरज नसते.

वरचे दात पुढे असतील, दाटी असेल किंवा एखादा पक्का दात मुळातच नसेल, तर आधी तारा लावणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. तोवर ठणका थांबवायला तात्पुरतं औषध भरता येतं. मागची दाढ पुढे सरकली की तिच्या मागे यायला एक्स-रेत अक्कलदाढेचा अंकुर असेल तर उत्तम; पण नवव्या वर्षी तो दिसला नाही म्हणून ती येणारच नाही, असं नाही. आणि जागा मागच्या दाढेने भरावी असं ठरलं असेल, तर ती जागा मोकळी राखून ठेवणारी पट्टी बसवू नका.