वाचक विचारतात : परदेशातून पत्र टाकताना

लेकीकडे, लेकाकडे परदेशी जाऊन राहिलेल्या मराठवाड्यातल्या वाचकांकडून टपालाविषयी आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलाने जर्मनीतून आम्हाला टाकलेलं पत्र आठ दिवसांनी त्याच्याच दारात परत आलं. तिकीट पुरेसं होतं, पत्ताही बरोबर होता. मग चुकलं कुठे?
– एक वाचक, परभणी

पत्ता बरोबर असेल, जागा चुकली असावी. ‘प्रेषक’ खाली डाव्या कोपऱ्यात लिहायची आपली शाळेपासूनची सवय. तिकडे आधी यंत्राचा कॅमेरा पत्ता वाचतो, आणि पाकिटाच्या खालच्या भागात जे दिसेल तोच घेणाऱ्याचा पत्ता समजतो. म्हणून स्वतःचा पत्ता वर डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहावा. घेणाऱ्याचा पत्ता मधोमध किंवा जरा उजवीकडे यावा. तळाची दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी कोरी सोडावी. यंत्र तिथे आपल्या खुणा छापतं. ‘इंडिया’ शेवटच्या ओळीत, एकटं, मोठ्या रोमन अक्षरांत. देवनागरी पत्ता हवाच असेल तर पाकिटाच्या आत, पत्राच्या डोक्यावर लिहा.

परत आलेलं तेच पाकीट पुन्हा पेटीत टाकू नका. खालच्या कडेला नारिंगी बारीक रेघा दिसतील, त्यात चुकीचा पत्ता नोंदलेला असतो. पुढचं यंत्र अक्षरांआधी त्या रेघाच वाचतं आणि पत्र पुन्हा घरी येतं. नवं पाकीट घ्या.

पिनकडेही बघा. मराठवाडा म्हणजे ४३ असं धरून अनेकजण अंदाजाने पिन टाकतात. परभणी ४३१४०१, नांदेड ४३१६०१ हे खरं. पण लातूर ४१३५१२ आणि धाराशिव ४१३५०१. छत्रपती संभाजीनगर लिहिताना कंसात जुनं नाव दिलंत तरी चालेल, मात्र पिन हवाच, कारण औरंगाबाद बिहारमध्येही आहे. (१५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेली ही पिनची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच.)

लेस्टरहून मुलीने भावाला राखी पाठवायची म्हटलं तर खिडकीवर पाकीट घेतलं नाही. अमेरिकेतल्या भाचीचंही तेच झालं. एवढीशी राखी!
– एक वाचक, जालना

दोन्हीकडची कारणं थोडी वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये काउंटरवर प्लास्टिकची एक पाटी असते, तिला ५ मिलिमीटरची फट. पाकीट त्या फटीतून सहज सरकलं तरच ते ‘लेटर’. त्याला मर्यादा २४ × १६.५ सेंटिमीटर आणि १०० ग्रॅम. राखीच्या मधला खडा नेमका त्या फटीत अडकतो, आणि दाबून ढकललेलं चालत नाही. मग ते ‘लार्ज लेटर’ होतं आणि दर वाढतो. त्यातून राखी ही वस्तू, कागदपत्र नव्हे. त्यामुळे पातळ असली तरी सीएन-२२ हा कस्टमचा कागद लागतोच. त्यावर ‘गिफ्ट’ एवढंच न लिहिता वस्तू काय, नग किती, वजन आणि किंमत लिहावी.

अमेरिकेत नियम जास्त कडक. जानेवारी २०१८ पासून परदेशी जाणाऱ्या साध्या पत्रात फक्त कागद चालतात. राखी लहान पार्सल म्हणूनच जाते आणि दर पत्राच्या कितीतरी पट पडतो. राखीपेक्षा टपालच महाग, पण त्याला इलाज नाही.

घरी पडून असलेली जुनी तिकिटं चालतात का?
– एक वाचक, बीड

तिकिटं ज्या देशातून पत्र टाकता तिथलीच लागतात. इथून नेलेलं भारतीय तिकीट तिकडे निव्वळ कागद. ब्रिटनमध्ये राजा-राणीच्या चेहऱ्याची, बारकोड नसलेली नेहमीची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर बाद झाली; ती बारकोडवाल्या तिकिटांशी बदलून मिळतात. चित्रांची विशेष तिकिटं मात्र चालतात. अमेरिकेत गोल ‘ग्लोबल फॉरेव्हर’ तिकीट एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमपर्यंतच्या पत्राला जगभर पुरतं. देशांतर्गत ‘फॉरेव्हर’ एकटं पुरत नाही.

वजनाचा हिशेब घरीच करा. ए-फोरचा साधा कागद ५ ग्रॅमचा. जर्मनीत साध्या पत्राची हद्द २० ग्रॅम, म्हणजे तीन कागद आणि हलकं पाकीट. जाड पुठ्ठ्याची, गणपती उठावात छापलेली लग्नपत्रिका एकटीच ही हद्द ओलांडते.

कोपनहेगनला लाल टपालपेट्याच दिसत नाहीत.
– एक वाचक, नांदेड

त्या काढल्या. डेन्मार्कच्या सरकारी टपालाने ३० डिसेंबर २०२५ ला पत्रं वाटणं थांबवलं. आता पत्र डाओ या खासगी कंपनीच्या दुकानात नेऊन द्यावं लागतं.

अमेरिकेतून लातूरच्या कोषागाराला हयातीचा दाखला ‘सर्टिफाइड मेल’ने पाठवू का?
– एक निवृत्त शिक्षक

नाही. ती सेवा फक्त अमेरिकेतल्या अमेरिकेत आहे. ‘रजिस्टर्ड मेल’ मागा, आणि तेही काउंटरवरच. पेटीत टाकलेलं रजिस्टर होत नाही. पाकिटाला सेलोटेप लावून नेऊ नका. कारकून झाकणाच्या जोडावर तारखेचा गोल शिक्का मारतो, टेपवर त्याची शाई पुसली जाते, म्हणून पाकीट परत हातात देतात. डिंकाने चिकटवा, नाहीतर साधी कागदी पट्टी लावा.