लॅब्राडोरच्या पिल्लाला फटाक्याच्या आवाजाची सवय कशी लावायची?

जागलीला रानडुकरं हाकलायला सुतळी बॉम्ब फोडला की तुमचं सात महिन्यांचं पिल्लू खाटेखाली दडतं, म्हणता. आधी त्याच्याजवळ फोडणं बंद करा. ‘फुटू द्या, होईल सवय’ हे मुळीच ऐकू नका. एकदा बसलेली भीती काढायला महिने जातात.

शिकारी लोक रिट्रीव्हरला, म्हणजे टिपलेलं पाखरू उचलून आणणाऱ्या कुत्र्याला (लॅब्राडोर त्यातलाच), बंदुकीची ओळख करून देतात तीच रीत वापरा (आपल्याकडे शिकारीला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, पण रीत कामाची). एकाने दोन-तीनशे मीटरवर, धुऱ्यापलीकडे, लवंगी फोडायची. तुम्ही इकडे चेंडू फेका. पिल्लू त्यामागे धावत असतानाच आवाज व्हावा. कान मागे गेले, शेपटी पोटाखाली आली, तर अंतर वाढवा. खेळात रमलेलंच राहिलं, तर काही दिवसांनी वीस-तीस पावलं जवळ. दिवसाला दोन-तीन आवाज पुरे.