अट क्रमांक 7 वाचा आणि 21 मेच्या आत तक्रार दाखल करा

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकाचं पत्र आहे. आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन, वय 31. कॅनडातल्या विनिपेग शहरात नोकरी आणि राहायला घर मिळवून देतो म्हणणाऱ्या एका सल्लागार संस्थेशी त्यांनी 2023 च्या दसऱ्याला करार केला. संस्थेचं मुख्य कार्यालय मोहालीला, शाखा नागपुरात. आतापर्यंत 3 लाख 40 हजार दिले, त्यातले दीड लाख रोख. ना नोकरी, ना व्हिसा. गेल्या डिसेंबरात संस्थेनेच नंबर दिलेल्या एका ‘घरमालका’ला खोलीसाठी 1 लाख 15 हजार पाठवले. तो आता फोन उचलत नाही. आणि संस्था म्हणते, एका बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिशियनची नवी जागा आहे, एलएमआयएचे (कॅनडातल्या मालकाला लागणाऱ्या सरकारी परवानगीचे) पाच लाख भरा, मार्चअखेर कळवा. वाचक विचारतात: करारात सगळे वाद मोहालीच्या न्यायालयात असं लिहिलं आहे, तिथे जाऊन लढणं मला परवडणार नाही, मग नवी ऑफर घेऊन बघू का?

याच वळणाची पत्रं विदर्भातून सतत येतात. फक्त शहराचं नाव बदलतं, कधी विनिपेग, कधी एडमंटन. त्यामुळे संस्था खरी की खोटी यावर मी शब्द खर्च करत नाही. तुम्ही मोहालीच्या अटीला घाबरलात आणि दोन पानं आधीची अट क्रमांक 7 सोडून दिलीत. तुमच्या प्रकरणाचा निकाल त्या अटीत आहे.

अट 7 म्हणते: करारापासून 180 दिवसांत नोकरीचं पत्र मिळालं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत 70 टक्के रक्कम परत. करार 24 ऑक्टोबर 2023 चा. 180 दिवस 21 एप्रिल 2024 ला संपले, त्यावर 30 दिवस 21 मे 2024 ला. त्या दिवशी पैसे परत आले नाहीत, म्हणजे 22 मे 2024 पासून तुमचा तक्रारीचा हक्क सुरू झाला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला मुदत दोन वर्षं. म्हणजे 21 मे 2026. आज मार्चचा दुसरा आठवडा आहे. दोन महिने आणि थोडे दिवस, एवढंच तुमच्या हातात आहे.

तुम्ही पत्रात लिहिता, “नोव्हेंबरमध्ये साहेबांनी व्हॉट्सॲपवर सांगितलं की एप्रिलमध्ये नक्की काम होईल, म्हणून मुदत तिथून धरली.” असं धरता येत नाही. समोरचा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिला म्हणून मुदत पुढे सरकत नाही. नोटिसा आणि निरोप पाठवत राहिल्यानेही ती वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सांगून ठेवलंय की मुदत टळली आहे का हे ग्राहक मंचाने (आताच्या ग्राहक आयोगाने) स्वतःहून तपासलं पाहिजे, विरुद्ध पक्षाने तो मुद्दा काढो वा न काढो. विलंब माफीची तरतूद आहे, ‘मला झुलवत ठेवलं’ हे कारण काही वेळा मान्यही होतं. संस्थेने ‘पैसे परत करतो’ असं लेखी दिलं असेल तर त्याचाही थोडा आधार मिळू शकतो, पण व्हॉट्सॲपच्या मेसेजला तेवढं वजन मिळेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. या दोन्ही वाटा मुदत हुकलेल्यांसाठी आहेत. तुमची अजून हुकलेली नाही.

खरं तर मला याचाच राग येतो. सही केलेला करार सव्वादोन वर्षं कपाटात पडून राहतो, आणि माणूस तो पहिल्यांदा वाचतो तेव्हा मुदतीचा शेवटचा तुकडा उरलेला असतो. पत्नीचे दागिने गहाण ठेवून दीड लाख रोख दिले आणि पावती मागितली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. एवढी रक्कम देताना पावती मागायला संकोच कसला?

आता मोहाली. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः नोकरीधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुम्ही महालात राहता, म्हणजे नागपूर जिल्हा आयोग. 2019 च्या कायद्याने ही सोय तुमच्यासारख्यांसाठीच आणली. करारातली मोहालीची अट विरुद्ध पक्ष पहिल्याच तारखेला पुढे करेल, लवादाची अट असेल तर तीही. लवादाच्या अटीने ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या 2018 च्या निकालाने स्पष्ट आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते.

मागणी पूर्ण 3 लाख 40 हजारांची करा, व्याज आणि मानसिक त्रासाच्या भरपाईसह. 70 टक्के तर करारानेच देय आहेत. उरलेले 30 टक्के सेवा मुळातच दिली नाही म्हणून मागायचे, ते मिळतीलच असं सांगता येत नाही. रोख दिलेल्या दीड लाखांसाठी संस्थेच्या माणसाचा ‘मिळाले’ असा मेसेज आहे म्हणता, तो फार मोलाचा आहे. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडूनच तो पुरावा दाखल करावा लागतो, वकिलाला त्याची आठवण करून द्या. दागिने गहाण ठेवल्याची तारीख आणि त्याच दिवशीचा मेसेज जुळत असेल तर गहाणाची पावतीही लावा.

कायदा म्हणतो तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी. प्रत्यक्षात वर्षं जातात, तारखांमागून तारखा पडतात आणि त्यात माणसं थकून तडजोड करतात. तुमच्या हातात एक गोष्ट आहे. विरुद्ध पक्षाला लेखी उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये हिली मल्टिपर्पज प्रकरणात सांगितलंय. 46 व्या दिवशी अर्ज द्या की उत्तराशिवाय पुढे जावं. तक्रारदाराचे वकीलच हे विसरतात आणि सहा महिने तिथेच वाया जातात.

पोलिसांकडे जायचं तर हा दिवाणी वाद आहे असं ठाण्यात ऐकायला मिळेल. करारात संस्थेने ‘परदेशात नोकरी मिळवून देणे’ असे शब्द वापरले आहेत. परदेशी मालकासाठी कामगार भरती करायची तर उत्प्रवास कायदा 1983 खाली परराष्ट्र मंत्रालयाच्या यंत्रणेकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्या मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा. नसेल तर त्या पानाची छापील प्रत अर्जाला लावा, मग ‘दिवाणी वाद’ म्हणणं ठाणेदाराला अवघड जाईल. करार 1 जुलै 2024 च्या आधीचा असल्याने त्याला जुन्या दंड संहितेचं कलम 420 लागेल, डिसेंबरच्या घरभाड्याला भारतीय न्याय संहितेचं 318. पुढे अटक, आरोपपत्र कधी होईल हे सांगण्यात अर्थ नाही. फौजदारी तक्रार केली म्हणून ग्राहक आयोगाची मुदत थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पाच लाखांच्या नव्या ऑफरला हात लावू नका. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार घ्यायला कॅनडातल्या मालकाने तिथल्या सरकारकडून मिळवायची परवानगी. तिचं शुल्क एका जागेला 1,000 कॅनेडियन डॉलर, ते मालकाने भरायचं असतं आणि कामगाराकडून वसूल करायला तिथे मनाई आहे. विनिपेग ज्या मॅनिटोबा प्रांतात आहे, तिथे नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणंच बेकायदा आहे. शिवाय त्या प्रांतात बांधकामावरच्या इलेक्ट्रिशियनला तिथलं प्रमाणपत्र किंवा शिकाऊ म्हणून नोंदणी लागते, नागपूरच्या आयटीआयवर थेट कामाला लावणारं पत्र म्हणूनच संशयास्पद आहे. असं पत्र तुमच्या अर्जासोबत गेलं आणि खोटं निघालं, तर कॅनडाच्या कायद्याने पाच वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. ती अर्जदाराला, म्हणजे तुम्हाला. कोऱ्या फॉर्मवर सही मागितली आहे, ती देऊ नका. दिली असेल तर ती रद्द केल्याचं आजच ईमेलने कळवा.

घरभाड्याच्या पैशांबद्दल आशा कमी आहे. ज्या खात्यात पैसे गेले ते भारतातलं आहे, म्हणून 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार कराच. पण खातं गोठवून पैसे अडवायचे तर पहिल्या काही तासांत फोन व्हायला हवा होता, तुम्ही तीन महिने वाट पाहिलीत. मॅनिटोबात घरमालकाला अनामत म्हणून फार तर अर्ध्या महिन्याचं भाडं घेता येतं. 900 डॉलरच्या खोलीला 450 डॉलर. तुमच्याकडून दोन महिन्यांचं घेतलं, तेव्हाच थांबायला हवं होतं. पुढे कधी खऱ्या वाटेने जाण्याचा योग आला, तर खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रक्कम पाठवू नका. पहिले काही दिवस ओळखीच्याकडे किंवा आठवड्याच्या भाड्याच्या जागी काढा, आणि हीटिंगचा खर्च भाड्यात धरलाय का हे करारात लिहून घ्या. जानेवारीत तिथे पारा उणे 30 च्या खालीही जातो, त्या बिलावरून भाडेकरू आणि मालक यांचे वाद होतात.

सल्लागार हवाच असेल तर परवाना तपासा. पैसे घेऊन कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या (तिच्या नावात ‘कॉलेज’ आहे) परवानाधारकांना आहे. ती यादी इंटरनेटवर खुली आहे, नाव आणि क्रमांक टाकून दिसते.

संस्थेने तडजोड म्हणून 60 हजार देऊ केलेत, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या पावतीवर सही केलीत तर बाकीची रक्कम मागणं फार कठीण होईल. घ्यायचेच असतील तर बँकेतून घ्या आणि ‘अंशतः परतावा, उर्वरित हक्क राखून’ असं लिहून घ्या. ते नाही म्हणाले तर घेऊ नका. ‘काहून घाई करता, एप्रिल तर येऊ द्या’ असं तो शाखेतला माणूस तुम्हाला म्हणतो ना? एप्रिल उजाडेपर्यंत तक्रारीचा क्रमांक तुमच्या हातात असायला हवा. या सोमवारी कराराची मूळ प्रत, बँकेचे उतारे आणि मोबाइल घेऊन वकिलाकडे जा.